आई तीन महिने जर्मनीत येतेय, सोमवार ते शुक्रवार तिचा दिवस कसा जाईल?

नेकरकाठ | ८ एप्रिल २०२५
नमस्कार मंडळी. श्टुटगार्टला येऊन मला चार वर्षं झाली. ३ मेला आई येतेय, पहिल्यांदाच. ३० जुलैचं परतीचं तिकीट आहे. व्हिसा झाला, ३०,००० युरोंचा विमा झाला. आता काळजी वेगळीच लागलीय.

आई सांगलीला विश्रामबागेत राहते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून एकटी. पण तिचा दिवस डोळ्यांपुढे आणला की तो एकटीचा वाटत नाही. सहाला दूध, मग पेपर, मग फुलपुडी. सातला घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की चार घरच्या बायका बादल्या घेऊन फाटकाशी, आणि कचरा टाकून झाला तरी दहा मिनिटं तिथेच. आठला मावशी. दहाला भाजीचा गाडा. आई गवार घेते पावशेर आणि बोलते अर्धा तास. दुपारी समोरच्या काकू वाटीभर आमटी आणतात, ती वाटी रिकामी परत जात नाही. संध्याकाळी कॉलनीतलं देऊळ. घराचा उंबरा फारसा न ओलांडता ती रोज आठ-दहा माणसांशी बोलते.

इथे आमच्या दाराची बेल पार्सलवाल्याखेरीज कुणी वाजवत नाही. आम्ही दोघं साडेसातला बाहेर पडतो ते सहाला घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात लोक 'हालो' म्हणतात आणि पुढे जातात. पहिल्या हिवाळ्यात मी इथे एकटीच होते. एका रविवारी रात्री लक्षात आलं की दिवसभरात तोंडातून एक शब्द निघालेला नाही. मी तेव्हा एकतीसची होते. आई अडुसष्टची आहे.

फिरायला कुठे न्यायचं ते विचारत नाहीये, शनिवार-रविवार आम्ही आहोतच. बाकीचे पाच दिवस तुमच्या आईवडिलांनी काय केलं ते सांगा. काय चुकलं तेही सांगा.

ठाणेकर_म्युनिक | ८ एप्रिल
स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात द्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

हुरडा | ९ एप्रिल
@ठाणेकर, आमच्याकडे उलटं झालं. आई सगळ्यात आधी खचली ती इथल्या स्वयंपाकघरात. आमची शेगडी इंडक्शनची. तिने हौसेने आणलेली अॅल्युमिनियमची कढई त्यावर तापेचना. चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून आच ओळखणारी बाई, तिला '७ वर ठेव, मग ४ वर आण' असं सांगताना मलाच कसंतरी झालं.

मग पोळ्या. दुकानातून सरळ ४०५ नंबरचं पीठ आणलं होतं, ते आपल्या मैद्यासारखं. पोळी वातड. हे नंबर मला तेव्हा कळले: १०० ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात तो हा आकडा. जितका मोठा, तितका पिठात कोंडा जास्त. १०५० मध्ये थोडं ४०५ मिसळलं आणि आईची पोळी पुन्हा फुगली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने शेजारी कोण राहतं ते विचारलं.

तेव्हा नेकरकाठ, तिला स्वयंपाकघर दे, पण पहिले दोन दिवस तिच्याबरोबर उभी राहा. आणि क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं ताजं चीज, ते दाखव. रात्री चक्का टांगायला नको. कमी स्निग्धांशाचा आणि चाळीस टक्क्यांचा असा निम्मा-निम्मा क्वार्क तासभर फडक्यात निथळला, त्यात साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड तयार. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, तो पाल्यासकट मिळतो. पाला टाकू नका म्हणावं, उत्तम भाजी होते.

तिखटमीठ | ९ एप्रिल
श्रीखंडाला +१. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलतो. सासूबाई आता आधी खिडकी उघडतात, मग मोठ्याने 'सावधान' म्हणतात, मगच तेलात मिरची. लग्नात मंगलाष्टकं चालल्यासारखं वाटतं.

पांथस्थ | ९ एप्रिल
किल्लीचं पहिल्या दिवशी शिकवा. बहुतेक दारांना बाहेरून कडी-मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं गेलं की संपलं. माझे वडील कचरा टाकायला खाली गेले, वाऱ्याने दार लागलं, फोन आत, अंगात बनियन, महिना मार्च. दोन तास जिन्यात बसून होते. कुलूपवाल्याने शेकड्यात युरो घेतले त्याचं काही नाही. वडील नंतर आठ दिवस दाराबाहेर पडेनात, ते मात्र लागलं. एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. एक किल्ली दोरीत ओवून आईंच्या गळ्यात.

फोनवर ११२ आणि ११६११७ दोन्ही साठवून द्या. पहिला जिवावर बेतलं तर. दुसरा रात्री-बेरात्री ताप आला, दवाखाना बंद आहे, पण रुग्णवाहिका लागेल असं नाही, तेव्हा.

कृष्णाकाठ_मिरज | १० एप्रिल
सगळं वाचलं. एक बोलू का? राग मानू नका.

धाग्यात 'आठला मावशी' असं एका ओळीत येऊन गेलं. माझी आई अशी मावशी होती. चार घरच्या पोळ्या, दोन घरची भांडी. तुमच्या आईंचा दिवस माणसांनी भरलेला आहे, खरं आहे. पण ती माणसं गप्पा मारायला आलेली नसतात. गाडीवाल्याला अर्धा तास उभं राहिल्याचे पैसे मिळत नाहीत. माझी आई दर रविवारी कामावर जायची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात म्हणून इथे कुणीतरी कुरकुर केली की मला त्या दुकानात उभ्या असणाऱ्या बाईचा रविवार दिसतो.

तुमचा प्रश्न चूक नाही. फक्त तिथलं जग रिकामं आणि आपलं भरलेलं अशी तुलना करताना, भरलेलं कुणी ठेवलंय तेवढं विसरू नका.

नेकरकाठ | १० एप्रिल
@कृष्णाकाठ_मिरज, राग नाही. सकाळपासून तुमचाच प्रतिसाद डोक्यात आहे. मावशी एकवीस वर्षं आमच्याकडे येतात आणि मी त्यांचं नाव न लिहिता 'मावशी' लिहून मोकळी झाले. इथे मी स्वतः संडास घासते, जिना पुसते, तेव्हा गुडघे काय म्हणतात ते कळलं. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. रविवारची सुट्टी आजपासून." मावशींना आधी पटेना, पैसे कापाल म्हणून. कापणार नाही असं सांगितल्यावर हसल्या.

कृष्णाकाठ_मिरज | १० एप्रिल
मी 'ती' आहे ताई, 'तो' नाही :) पण हे वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

वाळवण | ११ एप्रिल
मी १९८८ ते १९९४ त्या देशात होतो, आता पुण्यात असतो. तेव्हा दुकानं फक्त रविवारी नाही, रोजच संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायची, शनिवारी दुपारी दोनला. गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत उघडी ठेवायला १९८९ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा सणासारखं वाटलं होतं. भारतात फोन करायचा तर पिवळ्या खोक्यात उभं राहून नाणी टाकत राहायचं. मूठभर नाण्यांत "बरी आहेस ना" एवढंच व्हायचं.

१९९१ मध्ये आई आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. पहिले पंधरा दिवस ती खिडकीत बसून असायची. मी कचेरीतून परत येताना खालूनच ती दिसायची आणि जिना चढवत नसे.

तिला माणसं कुठे सापडली सांगू? दफनभूमीत. आमच्या घरामागेच होती. तिकडे दफनभूमी म्हणजे बाग असते. मोठी झाडं, बाकं, पाण्याचे हौद, टांगून ठेवलेल्या झाऱ्या. म्हाताऱ्या बायका रोज येतात, नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालतात, शेजारच्या थडग्यापाशी उभ्या असलेलीशी बोलतात. आपल्याकडे बायका त्या वाटेला जायच्या नाहीत, म्हणून मला आधी धक्काच बसला. आई म्हणाली, "अरे, तिथे सगळ्या माझ्यासारख्याच आहेत." एका आजींची झारी ती हौदापासून उचलून न्यायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. जायच्या दिवशी त्या आजींनी तिला जिरॅनियमची फांदी दिली. ती काही विमानातून आणता आली नाही, आमच्या गॅलरीत लावली.

बागेत बाक शोधा, एवढंच म्हणेन. रोज त्याच वेळी त्याच बाकावर बसलं की आठवड्यात कुणीतरी मान हलवतं.

हुरडा | ११ एप्रिल
काका, काय लिहिलंत. पुन्हा वाचते.

मांडवी_ते_स्विंडन | १२ एप्रिल
आमचं अगदी वेगळं. आम्ही गोव्याचे, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आलो. स्विंडनमध्ये इतके गोंयकार आहेत की माझी सासू दिवसभर कोंकणीत बोलते. चर्च, बाजार, बसथांबा, सगळीकडे ओळखीचं तोंड. कंटाळा येत नाही. पण सात वर्षं झाली, डॉक्टरकडे अजून एकटी जाऊ शकत नाही. इंग्रजीची गरजच पडली नाही. आपली माणसं भरपूर मिळाली की बाहेरचं दार उघडायचं राहून जातं, असंही होतं. तुमच्या आईला तिथल्या भाषेतले दहा शब्द शिकवाच.

ठाणेकर_म्युनिक | १२ एप्रिल
तीन महिन्यांसाठी भाषा कशाला? त्यापेक्षा कायमचंच आणा की. २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिलीय, पाच वर्षांत अर्ज करता येतो. तुम्ही झालात की आईंचं बघता येईल.

पांथस्थ | १२ एप्रिल
जर्मनीने दिली, भारत देत नाही. तो पासपोर्ट घेतला की आपला परत करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि आईवडिलांना कायमचं आणणं नागरिकत्व मिळालं तरी सोपं होत नाही, तो नियम फार कडक आहे. माझा भाऊ तीन वर्षं झगडतोय.

ठाणेकर_म्युनिक | १२ एप्रिल
ओसीआयवर माझ्या मित्राने फ्लॅट घेतलाय.

पांथस्थ | १२ एप्रिल
फ्लॅट चालतो. शेतजमीन म्हणालो मी.

नेकरकाठ | १३ एप्रिल
यासाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. मला सध्या फक्त मे, जून आणि जुलै दिसतायत.

मोगरा_कान्श्टाट | १४ एप्रिल
अगं, तू नेकर नदीच्या काठी म्हणजे माझ्या जवळच! माझे आईबाबा दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी आम्ही सगळं त्यांच्यासाठी केलं आणि ते महिन्याभरात कोमेजले. दुसऱ्या वेळी कामं वाटून दिली. बाबांकडे बाटल्या. प्लास्टिकची बाटली मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत येतात हे त्यांना इतकं पटलं की पावत्या जपून ठेवायचे. आईकडे तुर्की दुकानातली भाजी. तिथे कोथिंबिरीची जुडी खरी जुडी असते, चार काड्या नसतात. ती हाताने भेंडी मोडून बघायची. दुकानदार आधी ओरडला, मग स्वतःच तिच्यासाठी कोवळी काढून ठेवू लागला.

सगळ्या देशात चालणारं महिन्याचं तिकीट काढून दे. २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. ते आपोआप चालू राहतं, म्हणून शेवटच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नकोस. घर ते दुकान ही एकच वाट सलग पाच दिवस तिच्याबरोबर जा. सहाव्या दिवशी मागे दहा पावलं चाल. सातव्या दिवशी जाऊ नकोस.

आणि श्टुटगार्टच्या या कान्श्टाट भागात खनिज पाण्याच्या सार्वजनिक तोट्या आहेत, ते दाखव. बुडापेस्टनंतर युरोपात सगळ्यात मोठे झरे इथले म्हणतात. चवीला लोखंडासारखं लागतं, पण बाटल्या घेऊन म्हातारी माणसं रोज येतात. आपल्या घंटागाडीसारखंच आहे थोडं.

तिखटमीठ | १४ एप्रिल
येताना साबुदाणा आणायला सांग. ६ जुलैला आषाढी आहे. इथल्या आशियाई दुकानातले टपिओकाचे गोळे भिजवले की खिचडीची खळ होते.

नेकरकाठ | १९ मे
आई आली. लिहायला वेळ मिळत नव्हता. पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला सांगू. रात्री नऊ वाजले तरी उजेड, त्यामुळे तिला जेवायची वेळ कळेना, झोप लागेना. साडेतीन तासांच्या फरकामुळे तिच्या भिशीच्या बायकांचे मेसेज इथल्या पहाटे येतात. दुपारी मी फोन केला तर म्हणाली, "इथे कुत्रंसुद्धा भुंकत नाही गं." मी कचेरीच्या जिन्यात जाऊन रडले.

मोगरा, तुझी सात दिवसांची युक्ती चालू केली. आज पाचवा दिवस.

वाळवण | १९ मे
धीर धर. पंधरा दिवस होऊ देत.

नेकरकाठ | १५ जून
एक प्रकार झालाय, तो सांगायलाच हवा.

आमच्या इमारतीत केअरवोखं पाळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: श्वाबियात भाडेकरूंनी आळीपाळीने जिना आणि अंगण झाडायचं असतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली रीत आहे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लावतात, काम झालं की तो ती पाटी पुढच्या दाराला अडकवतो.

आईला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिला जिन्यात धूळ दिसली. आम्ही गेल्यावर तिने झाडू घेतला, तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत झाडलं आणि ओल्या फडक्याने पुसून काढलं. दुपारी बेल वाजली. पार्सलवाला नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, हातात पाटी घेऊन. पाळी त्यांची होती. दुसऱ्या कुणी केलं म्हणजे मला जमत नाही असा त्याचा अर्थ होतो, असं त्यांना वाटलं. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. आईला एवढंच कळलं की बाई चिडलीय. तिने त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सकाळचं श्रीखंड वाटीत घालून पुढे ठेवलं. (हुरडा, तुझं क्वार्कचं!)

आजींनी ते खाल्लं. मग वाटी घेऊन खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आत स्ट्रॉबेरी होत्या.

हुरडा | १५ जून
वाटी रिकामी आली नाही!! अंगावर काटा आला.

मोगरा_कान्श्टाट | १५ जून
तुझ्या पहिल्या पोस्टमधली समोरच्या काकूंची वाटी आठवली. आता दोघी काय करतात?

नेकरकाठ | १६ जून
आजींचे गुडघे गेलेत, आईची पाठ. त्यामुळे पाळी कुणाचीही असो, वरचे दोन जिने आई झाडते आणि खालचा आजी. पाटी मात्र नियमाप्रमाणे फिरते, त्यात तडजोड नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघी पाण्याच्या तोटीवर जातात. आई त्यांच्याशी मराठीतच बोलते. मी म्हटलं, त्यांना कळतं का? तर म्हणाली, "सगळं नाही कळत. पण ऐकते बाई नीट."

@कृष्णाकाठ_मिरज, तुम्हाला सांगायचं होतं. आई परवा म्हणाली, "एवढं वय झालेली बाई स्वतः जिना झाडते आणि दुसऱ्याने झाडला तर तिला राग येतो. आपल्याकडे असं कुणाला आलेला पाहिला नाही."

कृष्णाकाठ_मिरज | १६ जून
हे माझ्या आईला वाचून दाखवते आज.

तिखटमीठ | ७ जुलै
आषाढीची खिचडी झाली का?

नेकरकाठ | ७ जुलै
झाली! रविवार होता, मिक्सर लावायला आई घाबरत होती, शांततेचा वार म्हणून. दाण्याचं कूट शनिवारीच करून ठेवलं. आजींना उपवास म्हणजे काय ते मी समजावलं, तर त्या म्हणाल्या, उपवासाला एवढं तूप? मला उत्तर देता आलं नाही. आईने त्यांना आणखी एक चमचा वाढला.

नेकरकाठ | ३ ऑगस्ट
आई बुधवारी गेली. घर फार मोठं वाटतंय.

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. किल्ली गळ्यात होती, १०५० चं पीठ होतं, वाट पाठ झाली होती. काका, बाक सापडलं नाही, पण तोटीपाशी एक कठडा आहे, त्यावर दोघी बसायच्या.

आज सांगलीहून तिचा फोन आला. मावशी रविवारी येत नाहीत, म्हणून अंगण तिने स्वतः झाडलं म्हणे. मग माझं जेवण, झोप काहीच न विचारता तिने विचारलं, "पाटी कुणाच्या दाराला आहे या आठवड्यात?"

मी दार उघडून बघितलं. आमच्या.